अर्ध्या हळकुंडानं पिवळं न होता: लहान धंद्यानं ओळखीतून परदेशात माल कसा विकावा

मला आठवड्यातून एखादा तरी फोन येतो: "ताई, एक्स्पोर्टचा बायर कुठं भेटतो?" विचारणाऱ्याचा आवाज असा, की बायर मोंढ्यात पोत्यावर बसलेलाच आहे आणि मी फक्त गाळा नंबर सांगायचा. कुणी डाळमिलवाला असतो, कुणी चटणी-लोणच्याच्या बचत गटाची अध्यक्ष. परवा पैठणचा एक तरुण विणकर होता. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते.

माझं शेड वसमतच्या बाहेर आहे. पत्र्याचंच. हळकुंडं पॉलिश करायचा ड्रम, दळायचं यंत्र, चाळणी, पॅकिंगचं टेबल आणि सहा बायका. २०१७ ला सुरू केलं तेव्हा सांगलीचा व्यापारी हेच माझ्यासाठी जगाचं टोक होतं. आता वर्षातून चार-पाच वेळा आमची हळद न्हावा शेवाहून बोटीत चढते. माल थोडा असतो, पण पैसे वेळेवर येतात. आणि आजवर एकही परदेशी खरेदीदार मला सरळ भेटलेला नाही. जो आला तो ओळखीच्या ओळखीनं.

आधी वही काढा

दोनशे पानी साधी वही घ्या. मोबाईलमध्ये नको, मोबाईलमध्ये नाव गेलं की ते मेलं. एका रात्री बसून अशा तीस जणांची नावं लिहा ज्यांचा परदेशाशी किंवा परदेशी जाणाऱ्या मालाशी दूरचा का होईना संबंध आहे. तीस होत नाहीत असं प्रत्येकजण म्हणतो. होतात.

दुबई-मस्कतहून परत आलेले गल्लीतले लोक आठवतात, जर्मनीत शिकायला गेलेला पुतण्या आठवतो. पण खरी माणसं लोक विसरतात. उदाहरणार्थ, पोती छापणारा. नांदेडला माझ्या गोण्या छापणाऱ्याला मी तीन वर्षं फक्त दरासाठी भांडत होते. एक दिवस त्याच्या गोडाऊनमध्ये थप्पीला लागलेल्या गोण्यांवर अरबी अक्षरं दिसली. "ह्या कुणाच्या?" म्हटलं. जिल्ह्यात कोण काय बाहेर पाठवतो, किती किलोच्या पॅकिंगमध्ये, कोणत्या देशाच्या भाषेत, हे सगळं त्या माणसाला तोंडपाठ होतं! ट्रान्सपोर्टवाल्याला कोणाचा ट्रक न्हावा शेवाला लागतो ते माहीत असतं. बँकेच्या आपल्या शाखेत नाही, पण मोठ्या शाखेत परकीय चलनाचा टेबल बघणारा एक साहेब असतो. माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुने घेणारी मुलगी असते. ही चार नावं वहीत पहिल्या पानावर हवीत.

प्रत्येक नावापुढं रकाने आखा: कुणी ओळख करून दिली, त्याला कशाची गरज असते, मी त्याला शेवटचं काय दिलं, पुढचा फोन कधी. "मी काय दिलं" हा रकाना रिकामा असेल तर त्या माणसाला काही मागायचं नाही. हा माझा नियम आहे आणि मी तो मोडते तेव्हा पस्तावते.

लॉजच्या काउंटरवरची पाकिटं

नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली इथंच देह ठेवला, म्हणून जगभरचे शीख दर्शनाला येतात. पंजाबातून तर येतातच, कॅनडा-इंग्लंडहूनही येतात. आपण नांदेडला लग्नाचा बस्ता बांधायला जातो आणि हे दिसतं, पण डोक्यात येत नाही.

माझ्या जाऊबाईचे भाऊ तिथं एका लॉजवर मॅनेजर आहेत. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. २०२२ च्या दिवाळीनंतर मी त्यांच्या काउंटरवर शंभर-शंभर ग्रॅमची वीस पाकिटं ठेवली. विकायला नाही. म्हटलं, "मामा, बाहेरदेशातला कुणी असला अन् जेवणाबिवणाचं बोलला तर एक द्या, बाकी काही बोलू नका." मामा म्हणाले, "अन् पैसे मागितले त्यानं द्यायला तर?" "घेऊ नका."

पंधरा दिवसांनी मामांचा फोन. बर्मिंगहॅमकडचे एक सरदारजी, किराणा दुकानवाले, भेटायचं म्हणत होते. मी एसटीनं गेले. त्यांनी माझ्यासमोर पाकीट फोडलं, पाण्याच्या ग्लासात चिमूटभर हळद टाकली, ग्लास खिडकीकडं धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "बेटा, लॅब रिपोर्ट है?"

नव्हता. हळदीला चकाकी यावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट नावाचा पिवळा विषारी रंग मारतात, आणि त्यामुळं परदेशातला जाणता दुकानदार पहिला प्रश्न शिशाचाच विचारतो. दुसरा अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा. युरोपीय महासंघात हळदीसाठी त्याची मर्यादा किलोमागं बी-१ प्रकाराला ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण १० मायक्रोग्रॅम आहे. ओल्या खळ्यावर वाळवलेली, नीट न शिजलेली हळद तिथं मार खाते. मला यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी हसून म्हटलं, "आमची हळद शुद्ध आहे." सरदारजीही हसले. त्यांचं हसू वेगळं होतं.

तो रिपोर्ट यायला बारा दिवस लागले, साडेसात हजार गेले. तोवर ते विमानात बसून गेले होते. मी व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी तो स्वतःसाठी वापरला नाही, कारण त्यांचं दुकान लहान, ते स्वतः लेस्टरच्या एका गुजराती घाऊकवाल्याकडून माल उचलायचे. त्यांनी रिपोर्ट त्या घाऊकवाल्याला ढकलला. पहिली ऑर्डर तिथून आली: बाराशे किलो हळकुंडं, तीनशे किलो पावडर. जुलै २०२३ मध्ये. म्हणजे आठ महिन्यांनी. पी हळद अन् हो गोरी असं या धंद्यात कुणाचंच होत नाही.

यातून घ्यायचं ते हे: तुमच्या गावाजवळ परदेशी माणूस कशासाठी येतो ते शोधा. वेरूळ-अजिंठ्याला येतो. संभाजीनगरच्या दवाखान्यांत येतो. शेंद्रा-वाळूजच्या परदेशी कंपन्यांत ऑडिटला येतो. तो जिथं राहतो, जेवतो, गाडीत बसतो, तिथल्या माणसाशी ओळख करा. परदेशी माणसाच्या मागं धावू नका, त्याला ते आवडत नाही.

कागद आधी, ओळख नंतर

कुणी "पाठवा" म्हटलं आणि तुम्ही "कागदपत्रं करायची आहेत" म्हणालात तर ज्यानं शब्द टाकला त्याचं तोंड पडतं. एकदा पडलं की तो पुन्हा शब्द टाकत नाही. म्हणून पटकन सांगते. आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर मिळतो, फी ५०० रुपये, नंबर म्हणजे तुमचा पॅनच. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो, काही बदललं नसलं तरी. विसरलात तर बंद पडतो. मसाल्याचा माल असेल तर स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी, फळं-डाळी-शेतमाल असेल तर अपेडा या शेतमाल निर्यात संस्थेची, यंत्राचे सुटे भाग असतील तर ईईपीसी या इंजिनिअरिंग निर्यात परिषदेची. बँकेकडून एडी कोड, म्हणजे परदेशी पैसे घेणाऱ्या शाखेचा नंबर, घेऊन तो बंदरावर नोंदवायचा. जीएसटीत एलयूटी (हमीपत्र) भरायचा म्हणजे कर न भरता माल बाहेर जातो. बाकी तुमचा सीए सांगेल. आणि मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठीचा वर्गीकरणाचा आकडा, पाठ करा. हळदीचा ०९१० ३०. हा आकडा तोंडावर असला की समोरचा तुम्हाला नवखं समजत नाही.

सोबत एका पानाचा मालाचा तपशील. माझ्या पानावर असतं: जात सेलम, ओलावा किती, कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) किती टक्के, तुकडा किती, पॅकिंग कोणतं, महिन्याला जास्तीत जास्त किती टन. शेवटचा आकडा खरा लिहा. लोक तिथं फुशारकी मारतात आणि फसतात.

साहेबापेक्षा पोरगा

त्या पहिल्या ऑर्डरच्या वेळी सीएचएच्या, म्हणजे कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटाच्या, ऑफिसात मी साहेबाला भेटायला गेले. साहेब पाच मिनिटं भेटला. बाहेर कागद लावणारा एक पोरगा होता, बोलण्यावरून ओळखला. "कुठला रे तू?" "कंधारचा, ताई." मग काय, चहा झाला, त्याच्या आईच्या गुडघ्याचं झालं, यंदाच्या सोयाबीनचं झालं. दुसऱ्या खेपेला जाताना मी त्याच्यासाठी घरच्या शेंगदाण्याची चटणी नेली.

माल गोदामात पोचला त्या संध्याकाळी साडेसातला त्याचा फोन. "ताई, तुमच्या पॅलेटला शिक्काच नाही की."

मला कळेचना कसला शिक्का. लाकडी पॅलेट, म्हणजे माल रचायचा फळ्यांचा पाट, परदेशी पाठवायचं तर लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवून, त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का मारावा लागतो, नाहीतर लाकडातली कीड जाते म्हणून समोरचं बंदर माल अडवतं. मी वसमतच्या सुताराकडून स्वस्तात पॅलेट करून घेतले होते. बाभळीचे, मजबूत! पोरानं रात्रीत प्लॅस्टिकचे पॅलेट बघितले, दुसऱ्या दिवशी माल उतरवून पुन्हा रचला. बोट चुकली, पुढच्या आठवड्याची मिळाली. तो फोन त्यानं केला नसता तर माझा पहिला माल इंग्लंडच्या बंदरात पडून राहिला असता, आणि लेस्टरची ओळख तिथंच संपली असती. फोन करणं त्याचं काम नव्हतं.

म्हणून वहीत साहेबाच्या नावाखाली दोन ओळी सोडते. मालाला प्रत्यक्ष हात लावणाऱ्याचं नाव तिथं लिहायचं.

सोमवारचा निरोप

नमुना पाठवल्यावर बहुतेक लोक दर दोन दिवसांनी "सर, एनी अपडेट?" लिहितात. काही जण रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतात. दोन्ही करू नका. मी त्या आठ महिन्यांत दर सोमवारी सरदारजींना आणि पुढं घाऊकवाल्याला तीन ओळी पाठवत होते. पोरीकडून इंग्रजी तपासून घ्यायची. एका सोमवारचा मजकूर असा होता:

"हिंगोली बाजारात या आठवड्यात आवक कमी. पावसानं सखल रानात कंदकूज दिसते आहे, आमच्या गटातल्या शेतकऱ्यांची हळद चढावर आहे, ठीक आहे. नवा माल मार्चमध्ये."

सोबत रानाचा एक फोटो. विकायचं नाव नाही. लेस्टरला बसलेल्या माणसाला हिंगोलीच्या पावसाची बातमी कोण देतो? दलाल देतो, पण दलालाच्या बातमीत दलालाचा फायदा मिसळलेला असतो. माझी बातमी खरी निघते हे त्याला दोन-चार महिन्यांत कळलं. भाव पडणार असं दिसलं तेव्हा मी तेही लिहिलं, माझ्याकडं माल असताना. नवरा चिडला होता. पण ऑर्डरीसोबत घाऊकवाल्यानं पहिलं वाक्य लिहिलं ते त्या निरोपाबद्दल होतं.

तुमच्या धंद्यातही अशी बातमी असते. मोसंबीवाल्याकडं बहराची, पैठणीवाल्याकडं रेशमाच्या भावाची, वाळूजच्या टर्निंगवाल्याकडं पोलादाची. आपल्याला रोजची वाटते म्हणून आपण ती वाया घालवतो.

प्रदर्शनात आधी प्रेक्षक म्हणून जा

फेब्रुवारी २०२४ मध्ये दुबईच्या गल्फूड या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनाला गेले, एका शिष्टमंडळासोबत. स्टॉल घेतला नाही. पहिल्याच वर्षी स्टॉल घेणं म्हणजे चुलीवर पाणी न ठेवता डाळ धुणं. हॉटेल, तिकीट, व्हिसा धरून ९० हजारांच्या आसपास गेले. एमएसएमई मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनेत संघटनेमार्फत गेल्यास खर्चाचा काही भाग मिळू शकतो, पण अर्ज संघटनेनं आधी करावा लागतो. मी ते उशिरा वाचलं.

पहिल्या दिवशी साठ कार्डं वाटली. त्यातून आजतागायत एक फोन आलेला नाही. दुसऱ्या दिवशी पायाला फोड आले होते, म्हणून बसून राहिले, आणि शेजारी बसलेला माणूस मराठीत फोनवर बोलत होता. अंबाजोगाईचा. दुबईच्या जेबेल अली बंदराजवळच्या एका गोदामात खरेदी खात्यात नोकरीला. त्याच्याकडून अर्ध्या तासात जे कळलं ते साठ कार्डांत नव्हतं: तिकडच्या व्यापाऱ्याला पावडरीपेक्षा अख्खं हळकुंड हवं असतं, कारण अख्ख्यात भेसळ लपवणं अवघड, दोनदा पॉलिश केलेलं, २५ किलोच्या अस्तरवाल्या गोणीत, आणि रमजानची खरेदी रमजानच्या बरीच आधी उरकते, तेव्हा आपण नमुने पाठवत बसलेलो असतो. भारत-यूएई करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्यातली शुल्क-सवलत हवी तर मूळ देशाचा दाखला डीजीएफटीच्या पोर्टलवरून काढून पाठवा, हेही त्यानंच सांगितलं.

कार्ड घेतलंत तर मागं लगेच तीन शब्द लिहा: काय विकतो, काय कुरकुर केली, काय पाठवायचं कबूल केलं. आणि अठ्ठेचाळीस तासांत ते पाठवा. विमानतळावरून का होईना. बोलताना "तुम्हाला हळद हवी का" विचारू नका. "सध्या कुठून घेता आणि त्यात काय त्रास होतो" हे विचारा. माणूस खरेदीबद्दल गप्प बसतो, त्रासाबद्दल भरभरून बोलतो.

दुबई परवडत नसेल तर संभाजीनगरला जा. सीएमआयए आणि मसिआ या दोन उद्योजक संघटनांच्या बैठकांत बाहेर माल पाठवणारे बसलेले असतात. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली निर्यात प्रोत्साहन समिती आहे. जिल्हा उद्योग केंद्रात विचारा, बैठक कधी आहे. आमच्याकडच्या बैठकीत पहिल्यांदा गेले तर खुर्च्या जास्त आणि उद्योजक कमी होते. पण जे चौघे आले होते ते चौघेही कामाचे निघाले.

शेजारचा स्पर्धक

इथं घोडं पेंड खातं. आपल्याकडं शेजारच्याला कळू नये म्हणून लोक रात्री ट्रक भरतात. मीही भरला आहे. मग जेबेल अलीच्या ओळखीतून नऊ टनांची विचारणा आली, माझी ताकद चार टनांची. नाही म्हणावं तर ओळख जाते, हो म्हणावं तर इज्जत जाते. अर्धापूरकडच्या ज्या भाऊंना मी पाच वर्षं बाजारात टाळत होते त्यांच्या दारात गेले. ते म्हणाले, "ताई, मी तुमच्याकडं यायचंच म्हणत होतो, माझ्याकडं पॉलिशला ड्रम कमी पडतोय."

आता आम्ही एकत्र पाठवतो. नियम कागदावर आहेत: निर्यातदार म्हणून नाव एकाचंच, दोघांच्या लॉटची तपासणी वेगवेगळी आणि गोणीवर लॉट नंबर, तक्रार आली तर ज्याचा लॉट त्याचा खर्च, एकमेकांच्या खरेदीदाराला परस्पर फोन नाही. शेवटचा नियम पहिल्या वर्षी एकदा मोडला, माझ्याकडूनच. जाऊन माफी मागितली. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं नाव गोणीवर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, तो अर्जही दोघांनी बरोबर बसून भरला.

आता फसले ते सांगते

हे २०२० चं. एका पोर्टलवरून कुण्या "खरेदीदारा"ची मेल आली, चाळीस टन हळद, भाव माझ्या भावापेक्षा चढा. मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. त्यांच्या देशात "पुरवठादार नोंदणी शुल्क" भरायचं होतं, ३८ हजार रुपये. भरले. मग वकिलाची फी मागितली तेव्हा डोळे उघडले. तीन महिने घरात कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा वहीत चारसुद्धा नावं नव्हती, म्हणून विचारायला कुणी नव्हतं. आज मी दोन गोष्टी करते. खरेदीदाराला म्हणते, सध्या भारतातून कुणाकडून घेता त्यांचं नाव द्या, आणि त्या पुरवठादाराला फोन लावते. खरा खरेदीदार नाव देतो. उधारीवर द्यायचं असेल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा काढते. विम्यासाठी त्या खरेदीदाराची पत ते तपासतात, तेवढ्यातच पुष्कळ कळतं. पहिल्या तीन खेपा मात्र आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय गाडी भरत नाही, मग ओळख सख्ख्या भावाची असो. आणि मेलवर कुणी "आमचं बँक खातं बदललं" लिहिलं तर फोनवर आवाज ऐकल्याशिवाय एक पैसा हलवायचा नाही. लेस्टरवाल्यालाही मी सांगून ठेवलं आहे, माझ्या नावानं असं कधी आलं तर आधी मला फोन करा.

राहिलं कमिशन. ज्यानं ओळख करून दिली त्याला काय द्यायचं हे ऑर्डर यायच्या आधी बोला, नंतर बोललं की वाईटपणा येतो. जेबेल अलीच्या गृहस्थांना मी विचारलं तर ते नोकरीत असल्यामुळं नको म्हणाले, बरोबरच होतं, मीही पुन्हा विषय काढला नाही. अर्धापूरच्या भाऊंशी टक्क्यात ठरलं आहे, बिलावर दिसतं. मामांना लेस्टरच्या दुसऱ्या ऑर्डरनंतर पैशाचं पाकीट घेऊन गेले, त्यांनी ते परत केलं. म्हणाले, "ते राहू दे, पाकिटं संपलीत, वीस नकोत आता, पन्नास ठेव." आता दर दोन महिन्यांनी पन्नास जातात. हिशोबात नमुना म्हणून लिहिते, आणि प्रत्येक पाकिटावर लॉट नंबर असतो.